मराठी पीडीएफ फुकट उतरवण्याआधी : नव्या ई-वाचकांसाठी मार्गदर्शक

कोणत्याही गाजलेल्या मराठी कादंबरीचे नाव टाका आणि पुढे ‘पीडीएफ फ्री डाउनलोड’ लिहून शोधा. जी पाने समोर येतात त्यांतल्या बऱ्याच पानांचा साचा एकच असतो. वर मुखपृष्ठाचा धूसर फोटो, खाली कुठल्याही पुस्तकाला चालतील असे दोन परिच्छेद, आणि मग एकाखाली एक तीन-चार हिरवी बटणे. त्यांतले एकही बटण पुस्तकापर्यंत नेत नाही, असे पुष्कळदा होते. पान बनवणाऱ्याकडे पुस्तक असण्याची गरजच नसते. त्याला तुमचा क्लिक हवा असतो, नंबर हवा असतो, किंवा तुमच्या फोनमध्ये एक ॲप घालायचे असते.

साधी पीडीएफ उघडली आणि फोन गेला, असे क्वचितच घडते. धोका असतो तो पीडीएफपर्यंत पोचण्याच्या वाटेत, आणि पुस्तकाच्या नावाखाली हाती टेकवल्या जाणाऱ्या भलत्याच वस्तूत. म्हणून पुस्तकाची फाइल कशी दिसते आणि ती काय कधीच मागत नाही, हे एकदा पक्के करून घ्यावे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा.

पायरी १ : पुस्तकाचे हक्क संपलेत का?

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांचे लेखन २०१७ पासून खुले झाले. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे हक्क २०३६ संपेपर्यंत आहेत. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. तिथे २०६० संपायची वाट पाहावी लागेल. लेखकाचे मृत्युवर्ष मराठी विश्वकोशात किंवा विकिपीडियावर मिनिटभरात सापडते. त्यात ६१ मिळवा; येईल त्या वर्षाच्या १ जानेवारीला पुस्तक खुले होते.

यात तीन ठिकाणी चूक होते. अनुवादाचा हक्क वेगळा असतो: मूळ इंग्रजी किंवा बंगाली लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला, तरी अनुवादक हयात असेल तर तो मराठी अनुवाद खुला नाही. दुसरे, जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात. तिसरी चूक सर्वांत जास्त होते. पुस्तक बाजारात मिळत नाही, पुनर्मुद्रण झालेले नाही, म्हणून ते ‘आता सगळ्यांचेच’ असे लोक धरून चालतात. प्रत मिळेनाशी होणे आणि हक्क संपणे यांचा काहीही संबंध नाही.

मराठीत एका आवृत्तीच्या प्रती हजारभर असतात, हल्ली त्याहूनही कमी. इतक्या लहान बाजारात एका ग्रुपवर फिरलेली पीडीएफ पुढची आवृत्ती थांबवू शकते. आवडत्या लेखकाचे पुस्तक दुकानात मिळत नाही अशी हळहळ आपण सगळेच करतो. त्यामागे हेही एक कारण असते.

पायरी २ : खुली आणि अधिकृत ठिकाणे आधी पाहा

नवख्या वाचकाला वाटते त्याहून कितीतरी जास्त मराठी वाङ्मय राजरोस फुकट मिळते, म्हणून इथे घाई करू नका.

मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेली पुस्तके युनिकोड मजकुरात आहेत. शोध चालतो, अक्षर मोठे करता येते, आणि ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात उतरवूनही घेता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत ठेवली आहेत. चरित्रे, शास्त्रीय विषय, लोकसाहित्य असे बरेच काही तिथे आहे. मराठी विश्वकोश पूर्ण वाचता येतो. शाळेची पुस्तके बालभारतीच्या ई-बालभारती संकेतस्थळावरून घ्यावीत. तीच पुस्तके ‘फ्री पीडीएफ’ म्हणून जाहिरातींच्या जंजाळात शोधायचे काही कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महाराष्ट्र शासनाने काढलेले इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर आहे, तिथल्या गोष्टी छापायला आणि वाटायलाही मोकळीक आहे. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने मराठी पुस्तके विनामूल्य देते. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शोधासाठी उपयोगी आहे.

इंटरनेट आर्काइव्हबद्दल मात्र थोडे जपून. तिथे जुन्या मराठी ग्रंथांचे अमूल्य स्कॅन आहेत, पण तिथे कोणीही फाइल चढवू शकतो. एखादे पुस्तक तिथे आहे एवढ्यावरून ते खुले ठरत नाही. पायरी १ चे गणित करूनच पाहा.

विकत घ्यायचे असेल तर बुकगंगा, गूगल प्ले बुक्स आणि ॲमेझॉनचे किंडल ही तीन ठिकाणे पुरतात. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळतात. विकत घेण्याआधी सुरुवातीची काही पाने बहुतेक ठिकाणी फुकट वाचता येतात. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाची पेटी तुमच्या शहरात आहे का, याची जवळच्या मराठी मंडळात चौकशी करा.

पायरी ३ : पुस्तकाची फाइल ओळखायला शिका

पुस्तकाच्या फाइलचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, ठरावीक असते: पीडीएफ, ईपब, किंडलसाठी मोबी किंवा एझेडडब्ल्यू३, आणि जुन्या स्कॅनसाठी कधीकधी डीजेव्हीयू. एवढेच. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल), एक्सई, एमएसआय, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बीएटी, आयएसओ यांपैकी काही दिसले तर ते पुस्तक नाही. उघडून पाहू नका, लगेच पुसा.

विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवते, आणि फसवणुकीची सुरुवात तिथेच होते. ‘कादंबरी.पीडीएफ.एक्सई’ अशी फाइल असेल तर तुम्हाला फक्त ‘कादंबरी.पीडीएफ’ दिसते, आणि वर चित्रही पीडीएफचेच लावलेले असते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवरच हा चौकोन असतो. तिथेच ‘हिडन आयटम्स’वरही खूण करा.

त्यातूनही एक वस्तू निसटते: शॉर्टकट, म्हणजे दुसरीच फाइल किंवा आज्ञा चालू करणारे चित्र. शॉर्टकटचे शेपूट वरची खूण केल्यावरही दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीने व्हायपरसॉफ्टएक्स नावाच्या घातक प्रोग्रॅमचा माग काढला. तो टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या यंत्रांतून फाइली घेतात त्या जाळ्यावर, ई-पुस्तक म्हणून पसरवला जात होता. उतरवलेल्या आरएआर या झिपसारख्या गठ्ठ्यात एक लपवलेला फोल्डर, काही जेपीजी चित्रे आणि पुस्तकासारखा दिसणारा एक शॉर्टकट असे. चित्रे म्हणून ठेवलेल्या फाइलींत खरे तर आज्ञा लिहिलेल्या असत. वाचक ‘पुस्तका’वर दोनदा टिचकी मारी आणि त्या आज्ञा मागच्या मागे चालू होत. म्हणून उलगडलेल्या फोल्डरमध्ये ‘टाइप’ हा रकाना बघायची सवय लावा. तिथे ‘शॉर्टकट’ किंवा ‘ॲप्लिकेशन’ लिहिले असेल, किंवा चित्राच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण असेल, तर तिथेच थांबा.

आकारही बोलतो. नुसता मजकूर असलेली कादंबरी ईपबमध्ये साधारण काही शे केबी ते दोन एमबी भरते. दोनशे पानांचा स्कॅन दहा ते ऐंशी एमबी असू शकतो. तीनशे पानी कादंबरीची पीडीएफ ४० केबीची असेल तर आत बहुधा एकच पान असते, त्यावर ‘पुस्तक वाचण्यासाठी इथे दाबा’ असे चित्र आणि मागे लिंक. उलट एका कादंबरीची झिप ७०० एमबी निघाली तरी संशय घ्या. तपासणी टाळण्यासाठी घातक फाइली मुद्दाम फुगवतात.

झिपला पासवर्ड असेल आणि तो पासवर्ड शेजारीच लिहून ठेवलेला असेल तर विचार करा: ज्याने सगळ्यांना वाटायला फाइल ठेवली, त्याने कुलूप कशासाठी लावले? कुलूपबंद गठ्ठ्याच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही. कारण तेवढेच.

पायरी ४ : पानावर काय दाबायचे नाही

‘अलाऊ’ दाबू नका. पुस्तक उतरवायला सूचनांची परवानगी लागत नाही. एकदा दिलीत की रात्री-अपरात्री ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस’ अशा सूचना सुरू होतात. चुकून दिली असेल तर क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जाऊन त्या संकेतस्थळाचे नाव काढा.

यंत्रमानव नसल्याची खोटी परीक्षा हा सध्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे. नेहमीच्या परीक्षेत चौकोनात खूण करायची किंवा चित्रे निवडायची असतात. खोट्या परीक्षेत तीन सूचना येतात: विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्या दोन बटणांनी संगणकाची ‘रन’ चौकट उघडते. पानाने तुमच्या नकळत कॉपी करून ठेवलेली आज्ञा दुसऱ्या जोडीने तिथे चिकटते, आणि एंटर दाबताच तुम्ही स्वतःच्या हाताने घातक प्रोग्रॅम चालवलेला असतो. अँटिव्हायरसलाही हे तुमचेच काम वाटू शकते. कोणतेही खरे संकेतस्थळ तुम्हाला ‘रन’ चौकट उघडायला सांगत नाही.

‘पुस्तक पाहण्यासाठी प्लेयर अपडेट करा’ किंवा ‘फॉन्ट गहाळ आहे, हा फॉन्ट टाका’ हेही त्याच जातीचे. फॉन्टची बतावणी मराठी वाचकाला पटकन पटते, कारण जुन्या मराठी फाइलींत अक्षरांचे खरोखरच डबे दिसायचे. पण पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसवलेला असतो.

पायरी ५ : फोनवर एपीके नको

पुस्तकाचे ॲप करून देणारे खूप आहेत: ‘संपूर्ण मराठी कथासंग्रह’, ‘पोलीस भरती नोट्स’, ‘राज्यसेवा सर्व पुस्तके’. प्ले स्टोअरबाहेरून एपीके आले आणि ते एसएमएस वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागू लागले तर पुस्तकाचा विषय संपला. एसएमएसच्या परवानगीने ओटीपी वाचता येतो. ॲक्सेसिबिलिटीच्या परवानगीने ॲप पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. अभ्यासिकेत बसून परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि आईवडिलांचे बँक खाते त्याच नंबरला जोडलेले असते.

दार आधीच बंद करून ठेवा. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स. तिथे क्रोम, व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि फाइल मॅनेजर या सगळ्यांपुढे ‘नॉट अलाउड’ हवे. फोनच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. सेटिंग्जच्या शोधात ‘अननोन’ लिहिले तरी सापडते. मग प्ले स्टोअरमध्ये तुमच्या चित्रावर दाबून प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना ते पाहा.

पायरी ६ : पैसे, पासवर्ड आणि पिन

फुकट पुस्तकाला कार्डाचा नंबर लागत नाही. ‘वय पडताळणीसाठी एक रुपया’ किंवा ‘सात दिवस मोफत’ म्हणत कार्ड मागितले की ते दरमहा कापण्यासाठी असते, किंवा नंबर चोरण्यासाठी. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी टाकतात. पैसे किंवा पुस्तक ‘मिळवण्यासाठी’ तो कधीच लागत नाही.

नोंदणी करायला लावणाऱ्या चोरट्या ग्रंथालयांत तर चोराच्या घरात दुसरा चोर असतो. झेड-लायब्ररी या बेकायदा संग्रहाचे पत्ते अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये जप्त केल्यावर त्याच्या नावाची हुबेहूब नक्कल उभी राहिली. वाचकांनी मूळ संकेतस्थळ समजून तिथे खाती उघडली, काहींनी पैसेही भरले. जून २०२४ मध्ये त्या नकलेचा साठा उघडा पडलेला आढळला: सुमारे ९७ लाख खात्यांचे ई-मेल पत्ते, सांकेतिक रूपातले पासवर्ड आणि खरेदीच्या नोंदी. ई-मेलचा आणि तिथला पासवर्ड एकच ठेवला असेल तर पुढे काय होते ते सांगायला नको.

टेलिग्राम आणि टॉरेंटबद्दल

पुस्तक वाचणारा आणि पुस्तक वाटणारा यांत कायदा फरक करतो, आणि ही रेषा आपण नकळत ओलांडतो. टॉरेंटवर फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या यंत्रावरून इतरांना जात असतात. म्हणजे तुम्ही वाटपही करता. ग्रुपवर पुढे ढकललेली पीडीएफ हेही वाटपच. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. ‘टेलिग्रामवर कोण ओळखते’ हेही खरे नाही. कोचिंगचे साहित्य बेकायदा वाटणाऱ्या चॅनेलांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी टेलिग्रामला त्या चॅनेलवाल्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करायला सांगितले, आणि कंपनीने तपशील सादर केला.

अनोळखी माणसांनी ‘मराठी पुस्तके’ ग्रुपमध्ये परस्पर ओढू नये म्हणून व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा.

परीक्षेच्या पुस्तकांत आणखी एक नुकसान आहे, आणि त्यासाठी व्हायरसही लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. फुकट फिरणाऱ्या पीडीएफ बहुतेक त्याआधीच्या आवृत्त्यांच्या असतात, आणि आवृत्तीचे पान काढून टाकलेले असते. ते पान नसलेल्या पुस्तकावर अभ्यासाचे वर्ष घालवू नका.

पायरी ७ : खात्री नसलेली फाइल उघडण्याआधी

फाइल कोणी मित्राने पाठवली असेल, तिचे शेपूट ठीक असेल, तरी तपासून घ्या. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ६५० एमबीपर्यंतची फाइल चढवता येते आणि सुमारे सत्तर अँटिव्हायरस ती पाहतात. एखाद्याच अनोळखी तपासनीसाने लाल दाखवले तर तो खोटा इशाराही असू शकतो. पाच-सहांनी दाखवले तर फाइल पुसा. स्वतःची कागदपत्रे तिथे चढवू नका, कारण चढवलेल्या फाइली इतर अभ्यासकांना दिसू शकतात.

संगणकावर पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडा; ब्राउझर तिला बंदिस्त जागेत ठेवतो. अडोबी रीडर वापरत असाल तर ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘जावास्क्रिप्ट’ इथे जाऊन जावास्क्रिप्टची खूण काढा. पुस्तक वाचायला ती लागत नाही. पीडीएफने आतली दुसरी फाइल उघडण्याची परवानगी मागितली तर नकार द्या.

किंडलसारखे यंत्रही अद्ययावत ठेवा. चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲमेझॉनला दाखवून दिले की खास बनवलेले एक ई-पुस्तक उघडताच किंडलचा ताबा जाऊ शकतो. एप्रिल २०२१ मधल्या ५.१३.५ या आवृत्तीत ते छिद्र बुजवले गेले. कपाटात पडून राहिलेले जुने किंडल बाहेर काढलेत तर आधी वायफायला जोडून अपडेट होऊ द्या, मग पुस्तके भरा.

घडून गेले असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंटरनेट तोडा: फोन एअरप्लेन मोडवर, वायफाय बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय थांबवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. इथे मिनिटे मोजायची असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असते, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लाज वाटून दुसऱ्या दिवसावर टाकू नका. पुस्तक कुठून घेत होतात यावरून तक्रार नाकारली जात नाही.

त्यानंतर ॲप काढा. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ शोधून तिथली त्याची परवानगी काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही निघाले नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप्स बंद ठेवून, फोन चालू करून काढा. पासवर्ड स्वच्छ यंत्रावरून बदला, ई-मेलचा सर्वांत आधी, आणि प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. चोरणारे प्रोग्रॅम ब्राउझरमधली लॉगिनची खूणच उचलून नेतात, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून चोर बाहेर पडेलच असे नाही. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहून अनोळखी नावे काढा.

संगणकासाठी भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मोफत साफसफाईची साधने आहेत. ‘रन’ चौकटीची आज्ञा चालवून बसला असाल तर मात्र साफसफाईवर विसंबू नका, विंडोज नव्याने टाका. फोन फॅक्टरी रीसेट केलात तर परत आणताना फक्त फोटो आणि संपर्क आणा; ॲप्स जुन्या बॅकअपमधून न आणता प्ले स्टोअरवरून एकेक करून टाका.